रोजच्या वापराला रिमॅप केलेली ऑक्टाव्हिया घ्यावी का?

प्रश्न : मी नाशिकला राहतो. घर ते अंबड असं रोजचं येणं-जाणं, महिन्यातून एक-दोनदा मुंबई, सुट्टीत कोकण. घरी आई-वडील, पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी. गाडी एकच ठेवायची आहे आणि वेगवान सेडानची हौस कॉलेजपासूनची आहे. सध्या दोन जुन्या गाड्या समोर आहेत. एक २०१६ ची स्कोडा ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय, तिच्यावर आधीच्या मालकाने ‘स्टेज वन’ रिमॅप केलंय. दुसरी २०१७ ची ऑक्टाव्हिया आरएस २३०, कंपनीतून आली तशीच. पहिली बरीच स्वस्त आहे आणि विकणारा म्हणतो की ताकद आता आरएसइतकीच आहे. मग जास्त पैसे का मोजायचे? आणि मुळात अशी गाडी रोज चालवणं शहाणपणाचं आहे का?

– एक वाचक, नाशिक

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. हो, अशी गाडी रोज चालवता येते आणि आनंदाने चालवता येते. पण तुम्ही विचारताय त्या दोन गाड्यांपैकी एकच त्या कामाची आहे, आणि ती महागडी आहे. विकणाऱ्याचा आकडा खोटा असेल असं मी म्हणत नाही. इंजिनापुरता तो खराही असेल. फक्त इंजिनातून निघालेली ताकद रस्त्यापर्यंत पोचते कशी आणि थांबते कशी, हे त्या आकड्यात नसतं.

१.८ टीएसआय इंजिन मुळात १८० पीएस ताकद आणि २५० न्यूटन मीटर टॉर्क देतं. त्याला जोडलेला सात गिअरचा डीएसजी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, म्हणजे डीक्यू२००, कोरड्या क्लचचा आहे आणि त्याची मर्यादाही २५० न्यूटन मीटरच. हा योगायोग नाही. युरोपात हेच इंजिन चारही चाकं ओढणाऱ्या ऑक्टाव्हियात सहा गिअरच्या, तेलात बुडालेल्या क्लचच्या डीएसजीबरोबर येत होतं आणि तिथे त्याला २८० न्यूटन मीटर दिलेले होते. इंजिनात दम होता, कोरड्या क्लचला तो झेपला नसता, म्हणून कंपनीने हात आखडता घेतला.

आता रिमॅप म्हणजे काय ते पाहा. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये टर्बोने किती दाब द्यायचा, ठिणगी कधी पाडायची, पेट्रोल किती सोडायचं, टॉर्क कुठे थांबवायचा, याचे तक्ते असतात. स्टीअरिंगखालच्या सॉकेटला लॅपटॉप जोडून हे तक्ते बदलतात. तासाभराचं काम. एकही सुटा भाग बदलावा लागत नाही, म्हणून ते स्वस्त पडतं आणि म्हणूनच लोकांना भुरळ पडते. या इंजिनावर स्टेज वन करणारे साधारण सव्वादोनशे पीएस आणि साडेतीनशेच्या आसपास न्यूटन मीटर सांगतात. म्हणजे २५० साठी बनवलेल्या गिअरबॉक्सवर जवळपास दीडपट भार. मोकळ्या रस्त्यावर तो निभावेलही. पण तुमचा रोजचा रस्ता कसा आहे? मुंबई नाक्याला सिग्नल, पुढे फ्लायओव्हरखालची कोंडी, अंबडला शिफ्ट सुटतानाची गर्दी. तिथे गाडी पावलापावलाने सरकते आणि दर पावलाला कोरडा क्लच थोडा थोडा घसरत, तापत असतो. हा गिअरबॉक्स मूळ ताकदीतही आपल्याकडच्या ट्रॅफिकमध्ये नाजूकच समजला जातो. त्यावर आणखी भार घालून ती गाडी ‘रोजची’ म्हणून घेऊ नका, असं मी अगदी कळकळीने सांगतो.

आरएस २३० चं गणित वेगळं आहे. तिच्यात २.० टीएसआय, २३० पीएस, ३५० न्यूटन मीटर, आणि हा टॉर्क १,५०० आरपीएमपासून ४,६०० पर्यंत एकसारखा मिळतो. गिअरबॉक्स सहा गिअरचा, ओल्या क्लचचा डीएसजी. तेलात फिरणाऱ्या क्लचची उष्णता तेल घेऊन जातं, त्यामुळे त्याला हा भार पेलतो. ब्रेक मोठे, स्प्रिंग आणि डॅम्पर वेगळे. शून्य ते शंभर ६.८ सेकंद. भारतात ऑगस्ट २०१७ मध्ये ती २४.६२ लाखांना (एक्स-शोरूम) आली तेव्हा लोकांना किंमत जास्त वाटली आणि तरी गाड्या हातोहात गेल्या. त्यानंतर २०२० ची आरएस २४५ आली, दोनशेच गाड्या, ३५.९९ लाखांना. आणि २०२५ ची २६५ पीएसची आरएस ४९.९९ लाखांना, अवघ्या शंभर. हे आकडे अशासाठी देतोय की चांगली राखलेली २३० आज तुम्हाला महाग वाटत असली, तरी त्या पैशात तसं दुसरं काही नवं मिळत नाही.

आरएस म्हणजे रॅली स्पोर्ट, आणि मराठी माणसाला या गाडीची ओळख नवी नाही. औरंगाबादजवळच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात स्कोडाचा कारखाना २००१ पासून आहे आणि भारतातली ऑक्टाव्हिया तिथूनच बाहेर पडू लागली. २००४ च्या सुमारास १५० अश्वशक्तीची, मॅन्युअल गिअरची पहिली आरएस इथे आली तेव्हा पेट्रोल टर्बो सेडान ही गोष्टच आपल्याकडे अनोळखी होती.

कुटुंबाच्या सेडानला ताकद द्यायची तर बाकीचं काय काय बदलावं लागतं, याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. १९९० मध्ये लोटसने व्हॉक्सहॉल कार्लटन या चार दरवाजांच्या साध्यासुध्या गाडीवर काम केलं. तीन लिटरचं इंजिन ३.६ लिटरचं केलं, दोन टर्बो लावले, ताकद ३७७ अश्वशक्तीवर नेली. हे झाल्यावर लक्षात आलं की कार्लटनचा गिअरबॉक्स हे सोसणार नाही. म्हणून अमेरिकेतल्या कॉर्व्हेट झेडआर-१ चा सहा गिअरचा झेडएफ बॉक्स आणला, ऑस्ट्रेलियातल्या होल्डनच्या व्ही-८ गाडीचा डिफरेन्शियल आणला, ब्रेक एपी रेसिंगचे घातले. गाडी ताशी २८३ किलोमीटरला जाई आणि मागच्या सीटवर मुलं आरामात बसत. व्हॉक्सहॉल आणि ओपेल या दोन्ही नावांनी मिळून साडेनऊशेच झाल्या. ट्यूनिंगमध्ये खरं कौशल्य ते हेच. इंजिन वाढवायला कुणालाही येतं. त्याच्यामागची सगळी साखळी जो त्या तोडीची करतो, त्याच्या गाडीत घरची माणसं निर्धास्त बसवता येतात.

कायद्याचं आणि विम्याचंही पाहून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. रस्त्यात पोलिसाला रिमॅप दिसत नाही, हे खरं. पण मोठा अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीच्या कॉम्प्युटरपर्यंत जाऊ शकतो, आणि न सांगितलेला बदल हे क्लेम नाकारायला पुरेसं कारण ठरू शकतं. ‘विकताना स्टॉक करून देतो’ असं तो मालक म्हणाला असेल. मूळ तक्ते परत भरले तरी कॉम्प्युटर किती वेळा लिहिला गेला याची नोंद मागे राहते आणि अधिकृत वर्कशॉपला ती वाचता येते. शिवाय इतके दिवस क्लचने सोसलं ते काही पुसलं जात नाही.

आता रस्त्यावर येऊ. तुम्हाला या ताकदीचा उपयोग शून्य ते शंभरात होणार नाही. तो होईल पेठ किंवा त्र्यंबकच्या रस्त्यावर, ऊस किंवा मुरूम भरलेल्या ट्रकच्या मागे. चाळीसने चाललेला ट्रक, समोर मोकळा रस्ता जेमतेम दिसतोय, साधी गाडी असेल तर आपण थांबतो किंवा जीव मुठीत धरून निघतो. आरएसमध्ये तिसऱ्या गिअरला पाय दाबला की टर्बो लगेच उचलतो आणि समोरच्या लेनमधला मुक्काम अगदी थोडक्यात आटोपतो. चुकीच्या बाजूला आपण जितका वेळ असतो तितका धोका, आणि तो वेळ ही गाडी कमी करते. ताकदवान गाडी सुरक्षित असू शकते असं मी म्हणतो ते याच अर्थाने, आणि फक्त याच अर्थाने.

कारण वेगाचं दुसरं गणित निर्दय आहे. गाडीतली गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. शंभरावरून एकशेवीसला गेलात तर वेग पाचव्या हिश्शाने वाढला, पण ब्रेकना जिरवायची ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढली. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून तुमचा मुंबईचा प्रवास त्यावरूनच होत असणार. तिथे सपाट भागात मर्यादा १२० ची आहे आणि ही गाडी १२० ला इतकी शांत धावते की १४० कधी झालं ते कळत नाही. म्हणून क्रूझ कंट्रोल लावा. जुन्या कसारा घाटाने उतरलात तर लीव्हर मॅन्युअलला घेऊन दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरा. ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरायची सवय असेल तर ती मोडा. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, मग गाडी कितीही कमी चालली असो. ते हवेतली ओल शोषतं आणि गरम झालं की नेमकं तेव्हाच दगा देतं.

आरएसची खरी परीक्षा मात्र आपले गतिरोधक घेतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितलाय, म्हणजे ताशी २५ ने गाडी सहज जावी. असा गतिरोधक आरएस भरलेल्या अवस्थेतही न घासता पार करते. पण सोसायटीच्या दारात रातोरात उभी राहणारी हातभर रुंदीची वरवंट्यासारखी वळकटी, तिथे पाच माणसं आणि सामान घेऊन पोट टेकणारच. साध्या ऑक्टाव्हियापेक्षा आरएस सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खाली बसते. अशा ठिकाणी गाडी तिरकी घ्या, एकेक चाक चढवा. तुमच्या घराजवळ आणि कारखान्याच्या वाटेवर असे किती अडथळे आहेत ते टेस्ट ड्राइव्हच्या दिवशीच बघा, आणि त्या दिवशी गाडीत पूर्ण कुटुंब बसवा. एकट्याने चालवून बघितलेली गाडी आणि भरलेली गाडी यांत फार फरक पडतो.

टायरचं सोपं आहे. २२५/४० आर १८ लिहिलेल्या टायरची रबरी भिंत २२५ च्या ४० टक्के, म्हणजे ९० मिलिमीटर. साध्या २०५/५५ आर १६ ची सुमारे ११३. या दोन-सव्वादोन सेंटिमीटर हवेतच खड्ड्याचा दणका जिरत असतो. पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही की कमी उंचीच्या भिंतीच्या टायरला फुगा येतो किंवा रिम वाकते. पाहिलेल्या गाडीवर आधीच्या मालकाने हौसेने मोठ्या रिम चढवल्या असतील तर मूळ मापाच्या मागून घ्या. दर पंधरवड्याला हवा थंड टायरवर तपासा.

पेट्रोलविषयी. या इंजिनांना ९५ ऑक्टेन मानवतं. टर्बो इंजिनात कमी ऑक्टेनचं पेट्रोल ठिणगीची ज्वाला पोचायच्या आधीच आपोआप पेटायला बघतं, यालाच नॉक म्हणतात. नॉक सेन्सर ते ओळखून ठिणगी मागे सरकवतो आणि तुम्ही विकत घेतलेली ताकद तिथल्या तिथे कमी होते. एप्रिल-मेच्या उन्हात इंटरकूलर तापला की हे आणखी जाणवतं. रिमॅप केलेल्या गाडीत तर नॉकपासूनची सुरक्षित फट आधीच चिंचोळी केलेली असते. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. इथेनॉलचा ऑक्टेन चांगला, पण त्यात ऊर्जा कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं उतरणार. जुन्या गाडीच्या टाकीच्या झाकणामागे किती इथेनॉलपर्यंत परवानगी आहे ते बहुधा लिहिलेलं असतं. ते वाचून मगच काय भरायचं ते ठरवा. शहरात आठ-नऊच्या वर ॲव्हरेजची अपेक्षा ठेवू नका, म्हणजे मनस्ताप होणार नाही.

आता गाडी बघायला जाल तेव्हाचं सांगतो. सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा की इंजिन थंड हवं. बोनेट उघडून इंजिनाच्या पुढच्या बाजूला, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली बॅटरी मारा. तिथे थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाचं प्लास्टिकचं घर आहे. या घराण्याच्या इंजिनांना तिथून कूलंट झिरपायची खोड आहे. गळती मोठी नसते, थेंब गरम धातूवर पडून वाळतो आणि मागे गुलाबी-जांभळी खपली उरते. ती दिसली तर गाडी सोडायची गरज नाही, पण काम मोठं आहे आणि त्याचा खर्च किमतीतून वजा व्हायला हवा. मग ऑइलचं झाकण उघडा, आतल्या बाजूला काळा चिकट थर आहे का बघा. असेल तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही.

चालवताना मोकळ्या रस्त्यावर मॅन्युअल मोडला तिसरा गिअर घ्या, १,८०० आरपीएमवर स्थिर करा आणि एकदम पूर्ण पाय द्या. आरपीएमचा काटा आणि गाडीचा वेग हातात हात घालून चढले पाहिजेत. काटा आधी उडाला आणि वेग मागून आला तर क्लच घसरतोय. तुमच्या मनात अजून ती १.८ रेंगाळत असेल तर तिच्यावरही हीच चाचणी करा. मग उलट्या दिशेने, चढावर, रिव्हर्समध्ये हळूहळू सोडून बघा. धक्का किंवा थरथर जाणवली तर पुढे बोलणी थांबवा. आरएसच्या डीएसजीचं तेल आणि फिल्टर साधारण ६०,००० किलोमीटरला बदलावं लागतं, त्याचं बिल मागा. ‘केलंय हो’ यावर भागवू नका, बिलच हवं. चारही टायर एकाच मेकचे आहेत का पाहा. एवढी महाग गाडी घेऊन दोन टायर भलतेच चढवणाऱ्याने बाकीची निगाही तशीच राखली असणार.

थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडतच नाही, त्यामुळे ते धुतले जात नाहीत आणि काजळी साचत जाते. ७०-८० हजार किलोमीटरनंतर थंडीत सुरू होताना इंजिन अडखळायला लागलं तर मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या जोरावर मारून व्हॉल्व्ह साफ करतात. टरफल काजळी उडवतं आणि धातूला ओरखडा पडत नाही. नाशिकमध्ये हे करणारा हात मिळाला नाही तर पुण्याला जावं लागेल. हेही धरून, घेताना गाडीच्या किमतीशिवाय वेगळे पैसे बाजूला ठेवा. पहिल्या वर्षात टायर, ब्रेक आणि सगळी तेलं या तीन गोष्टी नव्याने कराव्या लागतील असंच गृहीत धरा.

शेवटी आई-वडिलांचं, कारण तुम्ही त्यांचा उल्लेख केलात आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटला. ऑक्टाव्हिया दिसायला सेडान असली तरी डिकी काचेसकट वर उघडते. आत ५९० लिटर जागा आहे, कोकणातून आंब्याच्या पेट्या आणायला किंवा गरज पडली तर घडीची व्हीलचेअर ठेवायला उत्तम. मागे पाय ठेवायलाही ऐसपैस. पण आरएसच्या सीट खोलगट, कडा उभ्या आणि गाडी खाली बसलेली. गुडघे दुखणाऱ्या माणसाला आत बसणं सोपं जातं, उठून बाहेर येणं जड जातं. वडिलांना दोन-तीनदा बसून-उतरून बघायला सांगा आणि ते ‘चालेल रे’ म्हणाले तरी त्यांचा हात दाराच्या चौकटीवर किती जोर देतो ते बघा. त्यांना त्रास होत असेल तर आरएसही घेऊ नका. रिमॅप न केलेली, एका हाताची १.८ टीएसआय शोधा. १८० पीएस नाशिक-मुंबईला भरपूर आहेत, मागचं सस्पेन्शन तिलाही मल्टिलिंकच आहे, आणि तिच्यावर चांगले टायर आणि ताजे ब्रेक घातले की घाटात ती तुम्हाला हवं ते बरंचसं देईल.